बेटावर भावजींनी मला कसं वाचवलं

माझ्या दिरांनी अंदमानातल्या एका लहान बेटावर वॉटर स्पोर्ट्सची सहल ठरवली आणि कसबा बावड्यातल्या आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय निघाला नाही. आमच्या ह्यांची नोकरी साखर कारखान्यात, ऐन गळीत हंगामात रजा कुठली? मग दीर, जाऊ आणि मी असे तिघंच गेलो.

"तिथं सगळं एकदम रस्टिक हाय, वहिनी," दीर विमानात सांगत होते.

रस्टिक म्हणजे काय ते पोचल्यावर कळलं. झावळ्यांचं छप्पर, डुगडुगणारी खाट, पंख्याचा पत्ता नाही आणि न्हाणीला वर नुसतं आभाळ. कुरुंदवाडला, माझ्या माहेरी, म्हशींच्या गोठ्यातसुद्धा पंखा आहे. इथं मात्र शिकलीसवरलेली माणसं कंदिलाशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती. त्यात आमचे दीर सगळ्यात पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक. म्हणजे दोघांनी वल्हवायची प्लास्टिकची अरुंद होडी. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, पोहता येतं का?

"मला येतं. ह्यांना न्हाई येत," दिरांनी माझं उत्तर देऊन टाकलं.

दहा वर्षांची असताना पाठीला सुका भोपळा बांधून मी कृष्णेत पडले होते. दोन उन्हाळ्यांत भोपळा सुटला आणि पैलतीर गाठायला लागले. लग्नाला वीस वर्षं झाली, पण हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दिरांचं पोहणं क्लबातल्या टाकीतलं, तेही पाय टेकतील तिथवरच. मी जॅकेटाचे पट्टे आवळले. बोलून उपयोग होईल अशातला तो माणूस नाही.

जाऊ वाळूतच बसली. आम्ही दोघं निघालो. खोल पाण्यात गेल्यावर दिरांना सेल्फीची हुक्की आली. लाइफ जॅकेटात पोट मोठं दिसतं म्हणून त्यांनी ते काढलं आणि चक्क उभे राहिले. होडी उलटली.

मी वर आले तोवर त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली होती. समुद्राची मला भीती वाटली नव्हती. त्या मिठीची वाटली. खारं पाणी नाकात गेलं. मी त्यांच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

"उताणं पडा! गप उताणं पडा!"

"वहिनी, सोडू नका मला!"

पडले एकदाचे. मी त्यांची कॉलर धरून ओढत निघाले. अर्ध्या वाटेत बाईंची बोट आली.

घरी परतल्यावर एकदा पाव्हणे जेवायला आले होते. दीर सांगत होते, "होडी उलटली. वहिनी लय घाबरल्या. म्हटलं, भिऊ नका, मी हाय की!"

मी भात वाढत होते. हात थांबला. पण माझ्याआधी जाऊच बोलली, "किनाऱ्यावर बसून मी सगळं बघितलंय. वाळूत येऊन ढसाढसा कोण रडलं, ते बी सांगा की."

पाव्हण्यांनी ताटात माना घातल्या. आमचे हे मात्र खो खो हसत सुटले.

दीर आता माझ्याशी कामापुरतंच बोलतात. उत्तमच झालं. मे महिन्यात मी जावेला कुरुंदवाडला, कृष्णेवर नेलं. चार दिवस ती नुसतं पाणी प्याली. पाचव्या दिवशी तरंगली.