पनवेल ते उरण, बायकोच्या मागे

जानेवारीतला रविवार, खिशात पाचशे रुपये, हजर आम्ही दोघेच: मी आणि बायको सुनंदा. पनवेलहून उरणच्या किनाऱ्यापर्यंत सायकलने जायचे होते. हृदयात स्टेंट बसवल्यानंतरची माझी ही पहिलीच लांबची फेरी. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, सुनंदाने अर्धीच. त्रास झाला तर माझी सायकल विकायची, ही तिची अट. वाटेत माझ्यासाठी थांबायचे नाही, ही माझी. ती माझ्यापेक्षा बरीच वेगात चालवते आणि प्रत्येक वळणावर माझा चेहरा तपासत उभी राहते. ते मला सोसत नाही.

करंजाडे मागे पडले तशी ती दिसेनाशी झाली.

गव्हाण फाट्याला एक पंक्चरवाला रस्त्यावर येऊन मला बसायला बोलावू लागला. रस्त्यात खिळे टाकून गिऱ्हाईक मिळवतात, हे मी ऐकून आहे. उतरून दोन्ही टायर दाबून पाहिले आणि निघालो. जासईला शहाळेवाल्याने शहाळे सोलून पुढे धरले. किंमत विचारली तर म्हणाला, राहू द्या. मग तर मुळीच घेतले नाही. शेजारून न्हावा शेव्याचे ट्रेलर जात होते, धुळीने घसा कोरडा पडला होता, तरीही.

उरणच्या अलीकडे खाडीच्या पुलाशी सुकी मासळी विकणारी एक कोळीण बसली होती.

"ओ शेट, थांबा. छातीत दुखतंय काय?"

माझ्या छातीची हिला काय खबर? मी विचारले, कोणी सांगितले?

"तुमचे बायकोनं. बोलली, पिवले टोपीवाले मागून येतील, दमलेले दिसले तर बसवा न् मना (मला) फोन करा. तिला थांबू देत नाय तुमी, मंग तिनं करायचं काय?"

"केला का फोन?"

"नाय. आता बसला नाय तर करीन."

मी बसलो. तिने डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी हातावर ठेवली. खाऊन झाल्यावर मी स्वतःच सुनंदाला फोन करून म्हणालो, थांबतेस का जरा?

एव्हाना किनाऱ्यावर पोचलेली असायला हवी होती ती बाई दोन मिनिटांत पुलापलीकडून आली. म्हणाली, चेन उतरली होती. मी तिचे हात पाहिले. स्वच्छ होते.

"दुखतंय?" तिने विचारले.

"नाही. नुसता दमलोय."

तिने माझा चेहरा सावकाश तपासला. मी तपासू दिला.

किनारा दोघांनी मिळून पाहिला. परतीच्या वाटेवर ती पुढेच होती आणि प्रत्येक वळणावर उभी होती. घरी आल्यावर माझी सायकल तिनेच पुसून ठेवली. परतताना कोळणीला अर्धा किलो सुक्या बोंबलांचे दोनशे रुपये दिले होते. भाकरीचे तिने घेतले नाहीत, आणि मी कारण विचारले नाही.