शालिकने बटन सोडलं होतं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. तिच्यातला मूर्ख मीच आहे, आणि लबाडही.

रायपूरच्या एका रोलिंग मिलमध्ये मी इलेक्ट्रिकल इन्चार्ज होतो. क्रेनचं पॅनेल मीच नवीन बनवलं. बटन दाबलं की मोटरला करंट देणारा आणि सोडलं की तोडणारा जो मोठा स्विच असतो, तो कॉन्टॅक्टर. मोटर अठ्ठावीस अँपिअरची, मी बत्तीसचा लावला. कॅटलॉगचं एक पान वाचलं आणि स्वतःला इंजिनिअर समजलो.

पुढच्या पानावर होतं, हा आकडा पंपासारख्या कामासाठी आहे. पंप एकदा सुरू झाला की तासन्‌तास चालतो. क्रेनवाला वजन बोटभर उतरवतो, थांबतो, पुन्हा बोटभर. याला इंचिंग म्हणतात. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट ओढते. इंचिंगमध्ये कॉन्टॅक्टरला तोच करंट पुन्हा पुन्हा तोडावा लागतो. त्या कामाला माझा कॉन्टॅक्टर निम्म्या लायकीचाही नव्हता.

क्रेन चालवायचा गुढियारीचा शालिक. सगळ्यांत जपून काम करणारा, म्हणून सगळ्यांत जास्त इंचिंग त्याचंच.

एकदा म्हणाला, "साहेब, पॅनेलचा डबा लय तापून राहिला. बटन सोडलं तरी हूक वीतभर खाली जाते."

"तू बटन सांभाळ. डब्यातलं मले कळते."

काय कळत होतं, ते आठवड्यात दिसलं. शालिकने बटन सोडलं, पण कॉन्टॅक्टर चिकटला, करंट तुटलाच नाही. करंट तुटला की लागणाऱ्या ब्रेकची वायरही त्याच्यावरूनच, त्यामुळे ब्रेकही लागला नाही. हुकाला टांगलेला दोन टनांचा लोखंडी रोल थेट लेथवर उतरला. लेथवाला उडी मारून वाचला.

चौकशीला तीन साहेब आले. चहा झाला, बिस्किटं झाली. पॅनेल एकानेही उघडलं नाही. उघडून फायदा नव्हता म्हणा. कॉन्टॅक्टरचे चिकटलेले पॉइंट मी आधीच भंगारात टाकले होते.

जीएम म्हणाले, "किसकी गलती है, एक लाइन में लिखो।"

मी लिहिलं, 'ऑपरेटरने अनावश्यक वारंवार बटन दाबल्यामुळे.' जपून काम करणं हाच गुन्हा ठरवला. शालिकची नोकरी गेली. क्रेनवर त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही. मी तिथे मोठ्या साइजचा कॉन्टॅक्टर गुपचूप बसवला, आणि पुढे माझं प्रमोशनही झालं.

नव्या पोरांना एवढंच सांगतो, मोटर किती अँपिअरची ते नंतर; तिच्याकडून काम काय घेणार, ते आधी विचारा. आणि ज्याचं बोट बटनावर आहे, त्याला विचारा.

पुढे चौबे कॉलनीत एका अपार्टमेंटच्या गेटवर शालिक भेटला, गार्डच्या कपड्यांत. सलाम केला. मग हळूच म्हणाला, "साहेब, एक विचारू? तवा माह्यं बोट बटनावर राहून तं गेलं नसन? अजून समजत नाही मले."

एका वाक्याचं काम होतं. तू बटन सोडलं होतंस, शालिक, चूक माझी होती.

"जुनं कायले काढतोस," मी म्हणालो.

तो गेट धरून उभा राहिला. मी गाडी आत घेतली.