पहिला फ्लास्क बिघडवणाऱ्या बाई

आमच्या रसायनाच्या प्रयोगशाळेतल्या बाई बावीस वर्षं हंगामी आहेत. विभागप्रमुख तितकीच वर्षं कायम आहेत, आणि तेवढंच त्यांचं कर्तृत्व.

सत्राच्या पहिल्या दिवशी बाई मुलांसमोर मुद्दाम प्रयोग बिघडवतात. ब्युरेटच्या नळीतून थेंबाथेंबाने सोडायचा द्राव भसकन सोडतात. फ्लास्कमधला द्राव फिकट गुलाबी व्हायला हवा, तो गडद होतो. मग चुकलेला आकडा त्या फळ्यावर स्वतःच्या नावापुढे लिहितात. "माझं चुकलं. तुमचंही चुकेल. खोडायचं नाही, का चुकलं ते खाली लिहायचं."

प्रमुख याला पोरखेळ म्हणतात. त्यांची स्वतःची पद्धत काय, तर एका मुलीचा द्राव गडद झाला तेव्हा त्यांनी तिचा फ्लास्क वर्गासमोर उंच धरला. "या, सरबत घ्या!" सगळे खिदळले. मुलगी दोन आठवडे फिरकली नाही.

अशा माणसाला वरून आदेश आला, की विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य जपा. लगेच समिती, बिस्किटं, आणि 'तणावमुक्त व्हा' हे व्याख्यान. गैरहजर राहील त्याचे पाच गुण कापणार! अकलेच्या या दिवाळखोरीवर समितीचा सचिव म्हणून सही माझी.

व्याख्यानाच्या वेळी ती मुलगी कॉलेज सोडण्याचा अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी उभी होती. बाईंनी तिला गाठलं, प्रयोगशाळेत नेलं आणि तोच प्रयोग पुन्हा करायला लावला.

"बाई, माझे हात थरथरतात."

"थरथरू देत. किती आलं?"

"चुकलं. अकरा पूर्णांक दोन."

"लिही."

"वही नाही आणली."

"मग हातातला कागद काय कामाचा?"

अर्जाच्या पाठीवर पाच आकडे उतरले. शेवटचे तीन सारखे आले. अर्ज द्यायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी तिच्याकडे गैरहजेरीचा खुलासा मागितला. तिने तोच कागद आकड्यांची बाजू वर करून टेबलावर ठेवला. "बाईंकडे प्रयोग करत होते, सर."

"पहिले दोन चुकलेत."

"हो सर. का चुकले ते खाली लिहिलंय."

त्यांनी वाचलं नाही. "पाच गुण कट," म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मुलगी मान ताठ ठेवून प्रयोगशाळेकडे गेली.

फाईलला लावताना मी कागद उलटला. 'मला हे झेपत नाही, माझं नाव काढून टाका.' मी तो पुन्हा पालथा घातला.

समितीच्या अहवालात मी लिहिलं, व्याख्यानामुळे एक विद्यार्थिनी परत आली. बाईंचं नाव कुठेच घातलं नाही. प्रमुखांना मी कोणत्या तोंडाने हसतो, कोण जाणे.