मालूच्या दंडावरची खरखर

विचुंब्यात लग्न ठरलं की आधी धवलारीण सांगून ठेवायची, मग मांडवाचं बघायचं. गुणाबाई आमची धवलारीण. तिनं धवले गाऊन देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना बोलावलं नाही, तर आगरी माणसाला लग्न लागल्यासारखं वाटत नसे. एरवी बाई तोंडाची फटकळ. पण गायला लागली की भांडणारे व्याहीसुद्धा गप्प बसत.

छप्पन साली बुधाजीच्या मालूच्या हळदीला ती अशीच गात होती. दंडाला हळद लावता लावता तिचा हात थांबला आणि गाणंही थांबलं. दंडाच्या मागे बारीक, खरखरीत पुळ्या होत्या, मिठाच्या कण्यांसारख्या.

"कोनी हात लावू नका," ती ओरडली. "पोरीला महारोग हाय."

बायका झटकन मागे सरल्या. मालू ओल्या हळदीनिशी पाटावर एकटी उरली. लग्न तर मोडलंच, आता पोरही घराबाहेर जाणार, हे तिलाही कळलं. तेव्हा आमच्या गावाला महारोग ओळखायला डॉक्टर लागत नसे, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण गुणाबाईनं हे आधी पाहिलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीच्या, भामाच्या दंडावर अशाच पुळ्या होत्या. बापानं भामाला बांधापलीकडे खोपीत ठेवलं होतं. ती तिथंच मेली.

बुधाजीची बोबडी वळली होती, तरी त्यानं खोपी बांधली नाही. गाडी जुंपली आणि मालूला, गुणाबाईला घेऊन पनवेल गाठलं.

डॉक्टरांनी मालूला डोळे मिटायला लावले आणि दंडाला सुई टोचली. मालू कळवळली.

"महारोगाच्या चट्ट्यावर टोचलेलं कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "इथं तर चट्टाच नाही. केसांच्या मुळाशी कातडी घट्ट झालीय, एवढंच. पुष्कळ पोरींना असतं, कुणाला लागत नाही. खोबरेल लावा आणि लग्न उरका."

बुधाजीला रडू फुटलं. गुणाबाई मात्र जागची हलेना.

"खोपीत भामाच्या दंडाला मुंग्या डसायच्या," ती म्हणाली. "ती वरडायची. आमी बांधावरून ऐकायचो."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली.

सांजेला हळद पुन्हा लागली. गुणाबाईनं मालूचे दंड दोन्ही हातांनी माखले. देवांना बोलावलं, मग बुधाजीच्या मेलेल्या माणसांना. शेवटी तिनं भामाला लग्नाला बोलावलं. भामा त्या घरची नव्हती. बुधाजीची म्हातारी आई काही बोलायला गेली, तर बुधाजीनं तिचा हात धरला.