छत गळतं म्हणणारे काका

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले काका नागपूरचे. ते इथे परदेशात लेकीकडे राहतात आणि नातीला रोज चालत शाळेत सोडतात. इथले नागरिक नसल्याने त्यांना मत नाही. तरी गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीतल्या सगळ्या उमेदवारांची पत्रकं ते हातात पेन घेऊन वाचतात आणि रस्त्यात गाठून विचारतात, "मग, कोणाला देणार तुम्ही?" उत्तर दिलं की लगेच, "का बरं?"

यंदा प्रश्न आमच्याच शाळेचा होता. इमारत जुनी झाली म्हणून बोर्ड ती बंद करायला निघालं होतं. शाळा वाचवू म्हणणारी उमेदवार बाई आम्हा सगळ्यांची लाडकी. प्रचारसभेत ती म्हणाली, "इमारत ठणठणीत आहे. छत गळतं ही अफवा आहे." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. काका उठले आणि सावकाश इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, छत गळतं. माझ्या नातीच्या वर्गात बादली ठेवतात."

ती बादली मीही पाहिली होती.

परतताना मी चिडून विचारलं, "काका, शाळा राहायला हवीय ना तुम्हाला?"

"हवीय ना! पण गळतच नाही म्हटलं, तर दुरुस्त कोण करणार?"

बाई थोडक्यात हरली. काही शेजाऱ्यांनी काकांशी बोलणं टाकलं. नव्या बोर्डाच्या पहिल्या मीटिंगला ते एकटेच निघालेले दिसले, तेव्हा मी सोबत गेलो. छताबद्दल बोलायला त्यांचं नाव पुकारल्यावर ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, तुम्हीही सांगा. तुम्ही मतदार आहात."

मी उठलो.