दिव्यांच्या वाटेवर आईचे हात

बाबा गेले त्या वर्षी मी आईला पुण्याहून हॅमिल्टनला घेऊन आले. इथे दक्षिण गोलार्धात जूनमध्ये कडाक्याची थंडी, आणि त्यातच मातारिकी, म्हणजे इथल्या मूळच्या माओरी लोकांचं नववर्ष. त्यानिमित्त गावाबाहेरच्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात दिव्यांची वाट सजवतात. मेंढ्या पाळून गबर झालेल्या कुणा गोऱ्याचा तो बंगला. आईचं मन जरा रमावं म्हणून मी तिला तिथे नेलं.

सहाला गेट उघडलं. पहिल्या ओकवरचे दिवे लागले आणि आईने हात जोडले. संध्याकाळी घरात ट्यूब लावली तरी ती हात जोडते. पुढचं झाड उजळलं, पुन्हा नमस्कार. बंगल्याचा व्हरांडा जांभळा झाला, तिथे तर डोळे मिटून उभी राहिली. मागची रांग थांबली. मी कानकोंडी झाले.

त्या रांगेत नेमकी माझी मॅनेजर निघाली. आई प्रार्थना करते आहे का, असं तिने कौतुकानेच विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘छे, हात गारठलेत तिचे.’’ मग आईकडे वळून मी मराठीत खेकसले, ‘‘आई, पुरे आता! नुसत्या लाइट्स आहेत, डेकोरेशन. सगळे बघतायत. हात खिशात घाल बघू.’’

‘‘बरं,’’ म्हणत तिने हात माझ्या जुन्या जॅकेटच्या खिशात घातले. पुढची सगळी वाट ती तशीच चालली. मला हायसं वाटलं होतं, हे लिहायलाही आज लाज वाटते.

वाट तळ्याकाठी संपली. पाण्यावर दिव्यांचे तारे केले होते. एका माओरी बाईंनी सगळ्यांना थांबवलं. त्यातला एक तारा वर्षभरात गेलेल्या माणसांचा, म्हणाल्या. ज्याचं कुणी गेलं असेल त्याने त्या ताऱ्याकडे बघून आठवण काढावी. माना खाली गेल्या. माझ्या मॅनेजरने हात जोडले, कुणासाठी ते मला ठाऊक नाही.

मी आईला सगळं मराठीत सांगितलं. तो बाबांचाही तारा, असंही म्हणाले. ती ताऱ्याकडे बघत राहिली, हात खिशातच.

‘‘आई, कर ना नमस्कार,’’ मी म्हणाले.

तिने आधी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘इथे चालेल का गं?’’