माहेरी आलेली कोंबडी

पुसदहून बसनं अर्ध्या तासावर एक तांडा आहे. तिथे कोंबडी शिंकली की लोक डॉक्टरच्या आधी भुरीबाईकडे जात. डॉक्टर गावाला बसतो आणि बसमध्ये कोंबडी नेली की कंडक्टर कुरकुरतो, हे एक कारण. दुसरं असं की भुरीबाईच्या कोंबड्या सहसा मरत नसत.

तिचं खुराडं जमिनीपासून दोन हात वर, चार खुंटांवर. तळाला बांबूच्या पट्ट्या, मधे बोटभर फटी, म्हणजे घाण खाली पडते. सकाळी ती उचलायची, चुलीची राख पसरायची. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की सातव्या रात्री ती एकेक अंडं मोबाईलच्या उजेडात धरून आत जीव आहे का ते पाही. मोबाईलचा याहून बरा उपयोग तांड्यात कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

मानमोडी या कोंबड्यांच्या साथीवरच्या लसीची बाटली शंभर कोंबड्यांची असते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून दिवाळीआधी ती थर्मासात बर्फ घालून एक बाटली आणी, आणि अख्खा तांडा कोंबड्या काखेत मारून तिच्या अंगणात येई. डोळ्यात एकेक थेंब.

सगळ्यांत कडक नियम नव्या कोंबडीचा. बाहेरून आलेली कोंबडी पंधरा दिवस अंगणाच्या पार टोकाला, वेळूच्या डाल्याखाली. दाणापाणी वेगळं. एकदा तिची जाऊ लालीबाई, शेजारच्याच घरातली, नवसाचा कोंबडा घेऊन आली.

"परवा कापाचाच आहे व त्याले," लालीबाई म्हणाली.

"मंग दोन दिस डाल्याखाली बस म्हना. त्याले कुठं बजारात जाचं आहे?"

कोंबड्यानं आयुष्याचे शेवटचे दोन दिवस नियमात काढले.

भुरीबाईची एकुलती मुलगी ममता झरी जामणीकडे दिली होती. लग्नात भांड्यांसोबत भुरीबाईनं तिला आपल्या खुराड्यातल्या दोन तलंगा, अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या, दिल्या. त्यांचा तिकडे चांगला वंश वाढला. गेल्या दिवाळीच्या तोंडावर ममता काविळीनं गेली. त्या वर्षी लसीची बाटली आली नाही. अशा बाईला लस आण म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि आपण आणावी हे कोणाला सुचलं नाही.

थंडीत जावई शाम आला. पिशवीतून त्यानं एक करडी कोंबडी काढली.

"मामी, घरी पाहाले कोनी नाही. ममताची हे एकच उरली. बाकीच्या मेल्या."

कशानं मेल्या, हे भुरीबाईनं दुसऱ्या कोणालाही पहिल्यांदा विचारलं असतं. शामला तिनं चहा विचारला.

तो गेल्यावर लालीबाई म्हणाली, "डालं आनू?"

"नाही. आत जाऊ दे."

"काहून व? हे तं डोये मिटून राह्यली."

भुरीबाई कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरगी बी अशीच आलती. अंगात ताप होता. सासरी सोयाबीनची सोंगनी लागलती. मीच म्हनलं, तेवढी होऊ दे, मंग ये. वापस धाडलं. आता हिले बाहेर ठेवू?"

भुरीबाईनं कोंबडीला आपल्या हातानं खुराड्यात, दोन जुन्या कोंबड्यांच्या मधे बसवलं, म्हणजे ऊब मिळावी.

पाचव्या दिवशी खुराड्याखाली हिरवी घाण दिसली. मग माना वळायला लागल्या. पंधरवड्यात एकतीस कोंबड्या गेल्या, वर लालीबाईच्या सात. मरायच्या आत कापून खा, असा सल्ला देणारे भरपूर होते. भुरीबाईनं खोल खड्डा खणला, चुना टाकला, एकही पक्षी कोणाच्या चुलीवर जाऊ दिला नाही. सगळं बरोबर केलं.

"माहा कोंबडा कापाचा होता, तरी त्याले डाल्याखाली बसवलंतं," लालीबाई म्हणाली.

"हो."

पुढे दोघी महिनाभर बोलल्या नाहीत.

वाचली एकच, ममताची करडी. मान मात्र कायमची वाकडी झाली. दाणा टिपायला जाते आणि चोच दोन बोटं बाजूला पडते. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात रोग लपलेला असू शकतो. हिला काढा, खुराडं धुऊन दोन महिने रिकामं ठेवा, मग नवी पिल्लं आणा. भुरीबाईनं खुराडं धुतलं, रिकामं ठेवलं. पहिलं तेवढं ऐकलं नाही.

होळीनंतर लालीबाई आपण होऊन आली. टोपलीत सहा पिल्लं.

"हे घे तुले. अन् तिले मह्याकडं दे. तुह्याच्यानं होत नसन तं मी करतो काय कराचं ते."

भुरीबाईनं तिला अंगणाबाहेरच थांबवलं. हात साबणानं धुतले, लुगडं बदललं, मग बाहेर जाऊन एकेक पिल्लू तळहातावर घेतलं. डोळे पाहिले, बूड पाहिलं, पाय ताणून पाहिले.

"चांगले आहेत. पह्यल्या दिशी नुसती कनी दे, पानी उकळून. अन् तुह्याकडंच वाढव. मह्या अंगनात पाय ठेवू देऊ नको."

"एका वाकड्या कोंबडीसाठी?"

"मी वावरात गेलो का ते उपाशी राहते व," भुरीबाई म्हणाली आणि आत वळली.

आता ती वावरात जात नाही. करडीला मांडीवर घेऊन, चोच उघडून, भिजवलेली ज्वारी एकेक दाणा भरवते. पोट भरायला अर्धा तास लागतो. दिवसातून चार वेळा.